दाखल्यावर नसलेले कारण

हवेच्या प्रदूषणाने मनुष्य मरतो असे आपल्या भागात कोणी गंभीरपणे म्हटले, की त्यावर तीन उत्तरे ठरलेली असतात; आणि ती देणारे लोक अडाणी नसून बहुधा जबाबदारीच्या जागेवर बसलेले, वाचन असलेले व गावाचे हित मनापासून चिंतणारे असतात, म्हणूनच त्या उत्तरांचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते. पहिले उत्तर असे की, हा दिल्लीचा रोग आहे. कमंडलू नदीच्या काठी, चहूकडे उसाची आणि आल्याची शेते असलेल्या सातारा जिल्ह्यातील आमच्या रहिमतपुरास त्याचे भय दाखविणे हा शहरी लोकांचा छंद आहे. दुसरे असे की, आमच्या आज्या-पणज्या जन्मभर चुलीच्या धुरात बसल्या आणि नव्वदी पाहून गेल्या. तिसरे उत्तर कज्जेदलालीच्या थाटाचे असते: पुरावा दाखवा, नगरपरिषदेच्या मृत्युनोंदीच्या दप्तरात हवेने मेलेला एक तरी इसम काढून दाखवा. ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि तिसरे तर चुकीचे असूनही सरकारमान्य झालेले असल्यामुळे विशेष घातक आहे.

आरंभ त्याच्यापासूनच करतो. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी लोकसभेत सांगितले की, प्रदूषणामुळे आयुष्य घटते असे कोणत्याही भारतीय अभ्यासाने दाखविलेले नाही. आणि केवळ वायुप्रदूषणाने मृत्यू झाल्याचा थेट संबंध सिद्ध करणारी निर्णायक माहिती उपलब्ध नाही, असे उत्तर सरकारतर्फे संसदेत वेळोवेळी देण्यात आले आहे. मृत्यूला दुसरे कोणतेही कारण असता कामा नये, ही जी अट या उत्तरात गृहीत धरलेली आहे, ती जगातला कोणताही रोग पुरी करू शकणार नाही. १८९७ नंतर सातारा जिल्ह्यात प्लेगने घरेच्या घरे ओस पडली, तेव्हा मृत्यूचे कारण म्हणून उंदराचे नाव कोणी लिहून घेत नव्हते. तंबाखूने मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर आजही कर्करोग लिहिला जातो, तंबाखू नव्हे. आणि तरीही उंदीर निर्दोष आहे किंवा तंबाखू निरुपद्रवी आहे असे म्हणण्याचे धाडस आता कोणी करीत नाही. दाखल्यावर डॉक्टर लिहितो ते बंद पडलेल्या अवयवाचे नाव. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, न्यूमोनिया, श्वसनमार्गाचा जुना विकार ही त्याची भाषा असते, आणि त्याच्या कामापुरती ती बरोबरही असते. सूक्ष्म धूलिकण स्वतःचा वेगळा रोग निर्माण करीत नाहीत; जे रोग समाजात आधीच आहेत त्यांची संख्या ते वाढवितात आणि त्यांची मुदत अलीकडे ओढतात. ज्या माणसाला सत्तराव्या वर्षी येणारा झटका त्रेसष्टाव्या वर्षी येतो, त्याच्या दाखल्यावर रोगाचे नाव तेच राहते. हरवलेली सात वर्षे लिहिण्यासाठी त्या कागदावर रकानाच नसतो.

मग हे कळते कसे? एका माणसाकडे पाहून ते कळत नाही, हजारोंकडे पाहून कळते. लंडन शहरावर ५ डिसेंबर ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले, त्यानंतर नेहमीच्या मानाने सुमारे ४,००० मृत्यू अधिक झाल्याचे प्रथम दिसून आले, आणि पुढील महिन्यांचा हिशोब नव्याने तपासणाऱ्या संशोधकांनी तो आकडा १२,००० च्या आसपास नेला. त्या वेळी तेथील आरोग्यखात्यानेही पुढच्या महिन्यांतील वाढीव मृत्यूंचे खापर इन्फ्लुएन्झाच्या माथी फोडले होते, कारण दाखल्यांवर धुके कोठेच नव्हते. तरीसुद्धा १९५६ मध्ये पार्लमेंटला स्वच्छ हवेचा कायदा करावा लागला. त्याहून बोधप्रद गोष्ट अमेरिकेतील आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा शहरांतील ८,१११ प्रौढ माणसांचा चौदा ते सोळा वर्षे पाठपुरावा केला, त्यांचे वय, धूम्रपान, व्यवसाय, शिक्षण या साऱ्यांचा हिशोब वजा घातला, आणि १९९३ मध्ये असे प्रसिद्ध केले की, सर्वांत मळक्या हवेच्या शहरात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ हवेच्या शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आहे. ते मळक्या हवेचे शहर म्हणजे ओहायो राज्यातील स्ट्यूबेनव्हिल, आणि तेथील सूक्ष्म कणांची सरासरी होती घनमीटरमागे सुमारे ३० मायक्रोग्रॅम. आपल्या देशाने २००९ मध्ये ठरविलेली वार्षिक मर्यादा ४० आहे. ज्या हवेने तेथे एवढी माणसे अकाली नेली, ती हवा आपल्या कायद्याच्या कसोटीला निर्वेध उतरते. हे एकदा लक्षात घेतले म्हणजे ‘आमची हवा मर्यादेच्या आत आहे’ या प्रशस्तिपत्रकाची किंमत किती, हे निराळे सांगण्याची गरज राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली वार्षिक मर्यादा १० वरून ५ वर आणली आणि फार प्रदूषित देशांसाठी वाटेतील पहिला टप्पा म्हणून जो आकडा दिला तो ३५ आहे. आपण त्या पहिल्या पायरीच्याही खाली उभे आहोत.

भारतीय अभ्यास नाही, ही सबबही आता उरलेली नाही. ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००९ ते २०१९ या काळातील देशातील ६५५ जिल्ह्यांच्या मृत्युनोंदी घेतल्या गेल्या, त्यांच्या शेजारी त्या त्या जिल्ह्यातील हवेचे अनुमान मांडले गेले, आणि निष्पन्न हे झाले की सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी १० मायक्रोग्रॅमने वाढली तर मृत्यूचे प्रमाण ८.६ टक्क्यांनी वाढते. त्या वर्षांत देशातील सर्वांत स्वच्छ ठरलेला जिल्हा अरुणाचल प्रदेशातील लोअर सुबनसिरी हा होता, आणि त्याची सरासरीही ११ च्या वर होती. म्हणजे जागतिक मर्यादेत बसणारी हवा या विस्तीर्ण देशात एकाही जिल्ह्याच्या वाट्याला नाही. याही पूर्वी, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेने २०१९ या एका वर्षातील १६.७ लक्ष मृत्यू, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी १७.८ टक्के, हवेच्या प्रदूषणाच्या खाती टाकले होते. या आकड्यांत थोडे इकडे-तिकडे होऊ शकते हे मी मान्य करतो. गणनेच्या पद्धतीवर विद्वानांत मतभेद आहेत आणि ते असावेत. पण मतभेद आहे तो आकडा किती मोठा याविषयी, शून्याविषयी नाही. आणि संसदेतील उत्तराचा रोख मात्र शून्याकडे आहे.

आता दिल्लीच्या रोगाविषयी. हा युक्तिवाद करणाऱ्यांच्या मनात अशी समजूत असते की, अपाय हवेच्या मळकटपणाच्या सरळ प्रमाणात वाढतो, म्हणून दिल्लीच्या मानाने दहावा हिस्सा धूर असेल तर धोकाही दहावा हिस्सा. वस्तुस्थिती तशी नाही, आणि आपल्यासारख्या गावांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते येथेच. अहमदाबाद, मुंबई, पुणे, दिल्ली, वाराणसी, सिमला इत्यादी दहा शहरांतील २००८ ते २०१९ या काळातील दैनंदिन मृत्यूंचा जो अभ्यास जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात धोक्याची चढण खालच्या आकड्यांपाशी अधिक तीव्र आढळली; बंगळूर आणि सिमला यांसारख्या तुलनेने स्वच्छ शहरांत कणांच्या थोड्या वाढीने मृत्यूंत होणारी वाढ दिल्लीपेक्षा ठळक दिसली. त्याच अभ्यासाने पुणे शहरातील वर्षाकाठी तेराशेहून अधिक मृत्यू या खाती धरले आहेत. ज्या ठिकाणी हवा अजून बरी आहे तेथेच प्रत्येक नव्या धुराड्याचा, प्रत्येक पेटविलेल्या ढिगाचा हिशोब अधिक काटेकोरपणे ठेवला पाहिजे, असा याचा अर्थ होतो. आणि आपण नेमका उलटा अर्थ काढून निर्धास्त बसलो आहोत.

शिवाय ‘आमच्याकडे प्रदूषण नाही’ हे विधान कोणत्या मापाच्या आधारे केले जाते? जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील ज्या शहरांची हवा प्रमाणाबाहेर ठरली, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर आहे, कोल्हापूर आहे, आणि कृष्णेच्या काठावर आपल्यापासून खाली वसलेली सांगलीही आहे. सांगलीचे नाव यादीत आले याचे कारण सांगलीत हवा मोजली जात होती. ज्या गावात यंत्रच नाही ते गाव त्या यादीत येऊ शकत नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून हवा शुद्ध आहे असे तेथील कारभाऱ्यांनी सांगावे, हा प्रकार ताप मोजण्याचे साधन घरात न ठेवता घरात ताप नाही असे जाहीर करण्यासारखा आहे. आपल्या भागातील पाणी कृष्णेतून पुढे सांगलीला जाते. हवेला तर नदीपात्राचेही बंधन नाही. २.५ मायक्रॉनहून लहान कण कित्येक दिवस अधांतरी राहतात आणि शेकडो किलोमीटर जातात.

आणि आपल्या खोऱ्यात हे कण येतात कोठून, हे शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखान्यांचे बॉयलर अग्निप्रदीपन होते, मोळीपूजन होते, धुराडी पेटतात, आणि पुढे मार्च-एप्रिलपर्यंत गाळप चालते. याच महिन्यांत गुऱ्हाळांच्या चुलवाणांत चिपाड जळते, वीटभट्ट्या लागतात, तुटलेल्या उसाच्या फडांत पाचट पेटते, आणि थंडीमुळे रात्री व पहाटे जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडून राहते, त्यामुळे धुराला वर जाण्याची वाट मिळत नाही. संध्याकाळी शेतांवरून निळसर पट्टा आडवा पसरलेला रहिमतपूर स्टेशनाच्या बाजूने येणाऱ्या कोणासही दिसतो आणि तो सुंदरही दिसतो. पण तो धुक्याचा नाही. पावसाळ्यात हवा धुतली जाते, म्हणून वर्षाची सरासरी पुष्कळ सौम्य भासते. फुप्फुसाला मात्र वर्षाची सरासरी भोगायची नसते, त्याला त्या त्या रात्रीची हवा भोगावी लागते.

लोकांची तक्रार असते ती काजळीबद्दल. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर आणि धुतलेल्या कपड्यांवर काळे कण पडले की कारखान्याकडे अर्ज जातो, आणि तो जावा. परंतु जे पडले ते त्यातल्या त्यात कमी अपायकारक असते, हे ध्यानी घेतले पाहिजे. मोठा कण जड असल्यामुळे खाली बसतो, अथवा नाकातील केसांत आणि घशातील ओलाव्यात अडकून खाकरून बाहेर पडतो. जो कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढा आहे त्याला शरीरात अटकाव करणारे कोणी नाही. तो थेट श्वासकोशांपर्यंत उतरतो, जेथे अत्यंत पातळ पडद्याच्या एका बाजूस हवा आणि दुसऱ्या बाजूस रक्त असते. हे श्वासकोश कोट्यवधी असून त्यांचा पडदा पसरला तर सत्तर चौरस मीटरांच्या आसपास भरेल, आणि दिवसाकाठी दहा-बारा हजार लिटर हवा त्यावरून जाते. तेथे दाह सुरू होतो, दाहाचे पदार्थ रक्तात उतरतात, अतिसूक्ष्म कण स्वतःही उतरतात. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, धमन्यांच्या भिंती कठीण होतात. म्हणूनच हा केवळ दम्याचा आणि खोकल्याचा प्रश्न आहे ही समजूत सोडून द्यावी लागेल. या कणांनी होणाऱ्या मृत्यूंत हृदय आणि मेंदू यांच्या रक्तवाहिन्यांचे विकार अग्रभागी आहेत, आणि गर्भवतीच्या श्वासातून गेलेल्या धुराचा परिणाम अपुऱ्या वजनाच्या बालकात दिसतो. २०१३ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बाहेरच्या हवेच्या प्रदूषणास निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले.

सरकारी उपाययोजनेची गाडी रस्त्यावरील मातीत रुतून बसली आहे तीही मोठा कण आणि सूक्ष्म कण यांतील हा भेद न ओळखल्याने. स्वच्छ हवा कार्यक्रमाखाली मे २०२४ पर्यंत खर्च झालेल्या निधीपैकी जवळजवळ ६४ टक्के रक्कम रस्त्यांची धूळ बसविण्यावर गेली, असे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दाखवून दिले. कारखान्यांच्या धुरासाठी एक टक्काही खर्च झाला नाही. रस्त्याची धूळ बहुतांशी मोठ्या कणांची असते. सूक्ष्म कण प्रामुख्याने ज्वलनातून निघतात, किंवा गंधकाचे व नत्राचे वायू आणि अमोनिया यांच्या संयोगाने हवेतच तयार होतात. टँकरने पाणी शिंपडून ते बसत नाहीत.

आजीच्या नव्वदीविषयी थोडक्यात. जी जगली तिचे उदाहरण डोळ्यांसमोर राहते. जी पस्तिशीत धाप लागून गेली तिची आठवण तिच्या मुलांनाही नसते. स्वातंत्र्याच्या वेळी आपले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. ते पुढे वाढले ते लसींमुळे, अन्नामुळे, शुद्ध पाण्यामुळे आणि औषधांमुळे, धुरामुळे नव्हे. विडीला कधी हात न लावलेल्या स्त्रियांत फुप्फुसे कायमची आखडून टाकणारा विकार का आढळतो, या प्रश्नाचा पाठपुरावा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये डॉ. संदीप साळवी यांनी वर्षानुवर्षे केला, आणि त्याचे एक मोठे कारण चुलीत सापडले. महाराष्ट्रातील सुमारे ऐंशी टक्के घरांत स्वयंपाक स्वच्छ इंधनावर होत होता असे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदले आहे. ही फार मोठी प्राप्ती आहे. परंतु स्वयंपाकघरात गॅस आणि परसात अंघोळीच्या पाण्यासाठी चूल किंवा बंब, आणि तो पेटविण्यासाठी प्लास्टिकची पिशवी, हे दृश्य आपल्या गावांत अजून घरोघर आहे, आणि पाहणीच्या प्रश्नावलीत त्याची गणना होत नाही.

आता जो आक्षेप मला सर्वांत सच्चा वाटतो त्याकडे वळतो. शेतकरी विचारतो की, कारखान्यांना, मोटारींना, शहरांना सोडून तुम्ही माझ्या पाचटावर का आलात? हा प्रश्न न्याय्य आहे. पाचट पेटविणारा मनुष्य हौसेने ते पेटवीत नाही. तोड उशिरा मिळालेली असते, पुढच्या पिकाची घाई असते, खोडव्याचे बुडखे छाटायचे असतात, मजूर मिळत नाहीत, पाचटात उंदीर आणि साप होतात. तोडणीपूर्वीच फड पेटवून ऊस नेला तर टोळीचे काम हलके होते, मात्र जळीत उसाची कपात शेतकऱ्याच्या बिलातून होते आणि धूर त्याच्याच पोरांच्या छातीत जातो. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याच्या १९व्या कलमाने, इंधन नसलेला पदार्थ जाळण्यास अधिसूचनेद्वारे मनाई करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. तो अधिकार केवळ तलाठ्याने बांधावर जाऊन पंचनामा करण्यासाठी वापरला गेला तर त्यास माझा विरोध राहील. उत्तर भारतात शेतकऱ्यावर फिर्यादी दाखल करून काय साधले ते आपण पाहिले आहे.

पण न्याय्य प्रश्नाचे उत्तर ‘जळू द्या’ हे नाही. या जिल्ह्यातच, फलटण तालुक्यात पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून उभे आहे, आणि पाचट न जाळण्याची शिफारस आपल्या कृषी शास्त्रज्ञांनी कधीच करून ठेवली आहे. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र, थोडे स्फुरद, टक्क्याच्या आसपास पालाश आणि तिसाहून अधिक टक्के सेंद्रिय कर्ब असतो. ते सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे संवर्धन टाकले म्हणजे ते हळूहळू शेतातच मुरते, तण दबते, पाण्याची पाळी लांबते आणि ज्या जमिनीचा कस उतरत चालल्याची ओरड आपण करतो तिला तिचेच अन्न परत मिळते. कितीतरी शेतकरी हे आज करीत आहेत. जे करीत नाहीत त्यांच्यात आणि यांच्यात बुद्धीचा फरक नाही; कुट्टीचे यंत्र वेळेवर मिळण्या-न मिळण्याचा आहे.

येथे जबाबदारी कोणाची हे स्पष्ट बोलले पाहिजे. ऊस कोणत्या दिवशी तुटणार हे शेतकरी ठरवीत नाही, कारखान्याचा शेती विभाग ठरवितो. टोळी तो पाठवितो, वाहन तो पाठवितो, कपात तो करतो. तोडणीचा कार्यक्रम ज्या दप्तरात तयार होतो त्याच दप्तरात त्या फडासाठी पाचट कुट्टीच्या यंत्राची पाळीही लागली पाहिजे, आणि तिचा खर्च केवळ शेतकऱ्याच्या माथी न मारता कारखाना व सरकार यांनी वाटून उचलला पाहिजे. नगरपरिषदेने आपल्या कचरा डेपोला लागणारी आग ही आपोआप लागते असे म्हणणे सोडून तिची जबाबदारी पत्करली पाहिजे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोरेगाव तालुक्यात, शक्य तर रहिमतपुरातच, सूक्ष्म कण मोजणारे यंत्र बसवून त्याचे रोजचे आकडे चौकात लावले पाहिजेत, आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी ज्यांच्या ताब्यात आहेत त्या अधिकाऱ्यांनी गाळपाच्या महिन्यांतील मृत्यू, थंडीचा परिणाम वजा घालून, त्या आकड्यांशेजारी मांडले पाहिजेत. यांपैकी एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही. ऑक्टोबरात बॉयलर पेटण्यापूर्वी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. अहवाल वाचला जातो, दराचा प्रश्न निघतो, सभासद उठून बोलतात. कुट्टीच्या यंत्रांचा ठराव त्या सभेत मांडण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे, आणि तो या वर्षीच मांडला गेला पाहिजे.